पाचवी नस

मोठे सर पडले ते सत्काराच्या स्टेजवरून. गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ, आणि उतरायच्या पायऱ्या उण्यापुऱ्या तीन. दुसरी पायरी हीच शेवटची असं समजून त्यांनी ऐटीत पाय टाकला आणि आयुष्यभर लोकांचे घोटे जोडणाऱ्या त्या माणसाचा उजवा घोटा दोन्ही बाजूंनी कडकन मोडला. मिरजेत बातमी पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. कुणी हळहळलं, कुणी गालातल्या गालात हसलं. रेवा बिरनाळेने दोन्हीपैकी काही केलं नाही. तिने एवढंच विचारलं, "ऑपरेशन कधी?"

"सोमवारी दहाला, आपल्याच दोन नंबरच्या थिएटरात," डॉ. तन्मय केळुसकर म्हणाला. तो मोठ्या सरांचा लाडका विद्यार्थी, आणि ऑपरेशन त्यालाच करायचं होतं. "भुलीचा पट्टा तुम्हीच लावायचा, रेवाताई. तुमच्याइतका हात कुणाचा बसलेला नाही."

बरं झालं, ती मनात म्हणाली. आपण गेली वीस वर्षं या सोमवारचीच वाट बघत होतो, हे तिचं तिलाही तेव्हाच उमगलं.

मोठे सर म्हणजे डॉ. विश्वंभर कोगनोळे. हॉस्पिटल त्यांचं, शब्द त्यांचा. वीस वर्षांपूर्वी, २०२४ साली, रेवा चौदा वर्षांची असताना खो-खोत खांबाला वळसा घालताना पडली आणि तिच्या घोट्याचं आतलं हाड मोडलं. तिचे अप्पा याच हॉस्पिटलात लिफ्टमन होते. मोठ्या सरांनी स्वतः ऑपरेशन करतो म्हटलं, तेव्हा अप्पांना आभाळ ठेंगणं झालं होतं. लिफ्टमनच्या पोरीला खुद्द मोठ्या सरांचा हात लागणार!

आता घोट्याचं एक गणित आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घोट्याकडे पाच नसा उतरतात. त्यातल्या चार एका घरच्या. त्या मांडीच्या मागून एकत्र येतात आणि गुडघ्याच्या लवणीत एक सुई नीट बसली की चारही गप्प होतात. पाचवी मात्र सवतीची लेक. ती मांडीच्या पुढून येते, पायाच्या आतल्या अंगाने एकटीच उतरते आणि थेट आतल्या हाडापाशी पोचते. तिला औषध वेगळं द्यावं लागतं आणि ते चढेपर्यंत दम धरावा लागतो.

त्या दिवशी भूल द्यायला डॉ. मुजावर मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "सर, दहा मिनिटं थांबा. आतली बाजू अजून चढलेली नाही."

"चढेल हो," सर म्हणाले. बाहेर दुसरा पेशंट तयार होता आणि सरांना थांबायची सवय नव्हती.

सुरी लागली तशी रेवा किंचाळली. "लागतंय! सर, लागतंय!"

"नाटकं करू नकोस. पाय बधिर आहे तुझा. नुसतं ओढल्यासारखं वाटतं."

दोघांनी तिचे हात धरून ठेवले. तिने अकरा वेळा सांगितलं. अकराही तिच्या लक्षात आहेत. अकराव्या वेळेनंतर मुजावर मॅडमनी सरांना न विचारता सलाइनमधून झोपेचं औषध सोडलं, आणि त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली.

तेवढ्यावर भागलं असतं तर रेवा विसरली असती कदाचित. पण चौथ्या मजल्यावरून खाली जाताना सर लिफ्टमध्ये अप्पांना हसत म्हणाले, "बिरनाळे, पोरगी भारी नाटकी हो तुमची. पाय ठणठणीत होईल, काळजी सोडा." अप्पा म्हणाले, "होय साहेब." आणि तो शब्द त्यांनी डब्यासोबत घरी आणला. पाय खरंच ठणठणीत झाला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. ताप आला, नाटकी. रडली, नाटकी. सतराव्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं तेव्हाही अप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "झाली हिची नाटकं सुरू." तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं आणि पोरगी मरता मरता वाचली. त्यानंतरही "तेव्हा चुकलं आमचं" असं त्या घरात कुणी म्हणालं नाही.

म्हणून शांतपट्टा आला तेव्हा तो चालवायचं शिक्षण घेणाऱ्यांच्या रांगेत रेवा सगळ्यांत पुढे होती. शांतपट्ट्यात सुई नाही, औषध नाही. एक पट्टा गुडघ्यामागे, एक मांडीवर. त्यांतून कानाला ऐकू न येणारा ध्वनी निघतो आणि तो नेमका नसेवर एकवटतो. नसेतून निरोप वर जायचा तर तिच्या अंगावरची बारीक दारं उघडावी लागतात, तो ध्वनी ती दारं मिटून धरतो. ध्वनी थांबवला की पाच मिनिटांत नस जागी. पण रेवाचा जीव जडला तो पट्ट्याच्या दुसऱ्या कामावर. पट्टा नसेतून वर जाणारा निरोप ऐकतो आणि पडद्यावर रेष काढतो. पाच नसांच्या पाच रेषा. दुखलं की रेष उसळते, आणि उसळलेल्या रेषेला नाटकी म्हणायची कुणाची छाती आहे? पहिल्यांदा ती रेष उसळताना पाहिली, त्या दिवशी रेवा बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली होती.

मुजावर मॅडमनी निवृत्त होताना तिला आपला चिमटा दिला. स्टीलचा, टोकाला बारीक दात असलेला. त्यांची रीत अशी, की सुरी लावण्याआधी घोट्याभोवती पाच ठिकाणी चिमटा घ्यायचा. "यंत्राला विचार, पण मग चिमट्यालाही विचार," त्या म्हणायच्या. "आणि चिमटा घेताना पायाकडे बघू नको गं. पेशंटच्या तोंडाकडे बघ."

गेल्या वर्षी मोठ्या सरांनी ती रीत मोडीत काढली. भित्रे पेशंट उगाच लागतंय म्हणतात, वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं. पट्टा असल्यामुळे आता एकच भूलतज्ज्ञ काचेच्या खोलीत बसून तीन थिएटरं सांभाळत होता, तिथे चिमट्याला कोण विचारतो? नियम निघाला, खाली सरांची झोकदार सही: पाचही रेषा सपाट म्हणजे भूल पूर्ण. चिमटा घेऊ नये. पेशंटच्या बोलण्यावरून शस्त्रक्रिया थांबवू नये. आसपासच्या हॉस्पिटलांनीही तो उचलला. तेव्हापासून चिमटा रेवाच्या खिशात नुसता पडून होता. वेदना खरी ठरवणारं यंत्र आलं, आणि ह्या माणसाने त्याचंच माणसाच्या तोंडावर फडकं बांधलं! रेवाचा संताप संताप झाला होता. पण सांगणार कुणाला?

सोमवारी दहाला सर टेबलावर आले ते लग्नाला आल्यासारखे. झोपेचं इंजेक्शन त्यांनी साफ नाकारलं. वर कॅमेरा लावून घेतला, समोर पडदा. "मी जागा राहून माझंच ऑपरेशन बघणार. पुढच्या महिन्यात परिषदेत दाखवायचंय," ते म्हणाले. मग रेवाकडे वळले. "काय गं, नाव काय तुझं?"

"बिरनाळे."

"आपल्या लिफ्टमनची कोण?"

"मुलगी."

"वा, वा," सर म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करायला लागले.

बस्स, एवढंच. डोळ्यांत ओळखीचा कवडसासुद्धा नाही. रेवाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण हात हलला नाही. तिने गुडघ्यामागचा पट्टा बसवला. चार रेषा आल्या, हलल्या, सपाट झाल्या. मग मांडीवरचा पट्टा ठेवून ती पाचवी नस शोधू लागली आणि यंत्राच्या पडद्यावर मांडीच्या आतलं चित्र उमटलं तशी त्याकडे बघत राहिली. तिथे एक नस नव्हती, दोन होत्या. सरांची पाचवी नस वरच फुटली होती. हजारात एखाद्याची असते अशी. एक फाटा पट्ट्याच्या झोताखाली होता, दुसरा बोटभर बाजूने निघून चालला होता. यंत्राने पहिला फाटा धरला आणि हिरवा दिवा लावला. यंत्र जे धरतं तेच गप्प करतं आणि तेच ऐकतं. जे धरलं नाही, ते त्याच्या लेखी जगात नाहीच.

पाचवी रेष सपाट झाली.

रेवाचा हात खिशात गेला. चिमटा बोटांना गार लागला. एक चिमटा आणि एक वाक्य, एवढंच करायचं होतं. नियम मोडला म्हणून फार तर बोलणी बसली असती, तशी मुजावर मॅडमनाही बसली होतीच. तिने सरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते पडद्यावर आपला चेहरा बघून हसत होते. तिने चिमटा सोडून दिला आणि हात बाहेर काढला. अकरा, तिने ठरवलं. अकरा वेळा म्हणू दे.

"झालं, रेवाताई?" तन्मयने विचारलं.

"पाचही सपाट."

बाहेरच्या बाजूचं काम झकास झालं. सर कॅमेऱ्यासाठी बोलत होते, "बघा, पत्ताही लागत नाहीये." मग तन्मय आतल्या बाजूला वळला.

"आई गं! तन्मय, लागतंय रे!"

एक, रेवाने मोजला.

तन्मयने दचकून पडद्याकडे पाहिलं. "सर, रेष सपाट आहे."

"अरे आतल्या बाजूला लागतंय!" दोन.

"रेवाताई?"

"सपाट आहे," रेवा म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिच्या छातीत असं काही गोड वाटत होतं, की तिला स्वतःचीच भीती वाटली. काचेच्या खोलीतून भूलतज्ज्ञाचा आवाज आला, "रेषा स्वच्छ आहेत, पुढे चला." तन्मय घामाघूम झाला होता. तो हळूच म्हणाला, "सर, नुसतं ओढल्यासारखं वाटतं. तुम्हीच शिकवलंय आम्हाला." आणि त्याने ड्रिल लावलं.

सर ओरडले. तीन. थांब, थांब म्हणतो ना, असं काहीतरी. रेवा त्यांच्या कानाशी वाकली आणि वीस वर्षं जिभेवर धरून ठेवलेलं वाक्य तिने टाकलं. "नाटकं करू नका, सर. पाय बधिर आहे तुमचा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, आता आठवेल. आता ह्या माणसाला कळेल की कोण, कशासाठी. पण त्या डोळ्यांत काहीही नव्हतं, फक्त एका माणसाला लागत होतं आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "लागतंय गं, बाई," ते म्हणाले. चार.

पाचवा तिच्याने मोजवला नाही.

"थांबा!" ती ओरडली. तिने चिमटा काढला, आतल्या हाडावर घेतला आणि सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "आतली बाजू जागी आहे. नस वरच फुटलीय ह्यांची. पेशंट लागतंय म्हणतोय म्हणजे लागतंय. सुई द्या जुन्या पद्धतीची." सुई दिली, दहा मिनिटं थांबले, आणि बाकीचं ऑपरेशन सुखरूप झालं. पहिल्या 'आई गं'पासून तिच्या 'थांबा'पर्यंत घड्याळात चार मिनिटं गेली होती.

पुढच्या दोन दिवसांत जे झालं ते पाहायला रेवाने काय वाटेल ते मोल दिलं असतं, आणि ते फुकटात मिळालं. सर वेदनेने ओरडले ही गोष्ट मानायला कुणीच तयार होईना. ऑपरेशन मध्येच थांबलं म्हणून बसलेल्या चौकशी मंडळाने कळवलं की नोंदीत पाचही रेषा सपाट आहेत, सबब वेदनेचा पुरावा नाही. तन्मय बिचारा खालमानेने म्हणाला, "सर घाबरले होते हो." कॅन्टीनमध्ये सिस्टर एकमेकींना कोपर मारून हसल्या. लिफ्टपाशी कुणीतरी बोललं, "मोठे सर भलतेच नाटकी निघाले की!" रेवाने ते कानांनी ऐकलं आणि त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेले.

बुधवारी सरांनी तिला खोलीत बोलावलं. पाय उशीवर, चेहरा उतरलेला. समोर चौकशी मंडळाचा साक्षीचा कागद होता.

"तू चिमटा घेतलास. तू माझं तोंड पाहिलंस," ते म्हणाले. "मला लागत होतं, हे सांगू शकणारी तू एकटी आहेस. लिहून दे. लोक काय काय बोलतायत माझ्याबद्दल!"

"लिहून देते. पण आधी माझं सांगा."

"तुझं काय?"

तिने सांगितलं. चौदावं वर्ष, आतलं हाड, अकरा वेळा, लिफ्ट. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि मान हलवली. "नाही गं आठवत. कितीतरी पेशंट असे..." आणि ते मध्येच थांबले. कितीतरी, हा शब्द त्यांना स्वतःलाच ऐकू आला असावा.

"आठवायला नकोच," रेवा म्हणाली. "मला लागलं होतं, एवढं माझ्या अप्पांना तुमच्या तोंडाने सांगा. तुमच्या शब्दावर त्यांनी मला वीस वर्षं खोटी ठरवलंय. तुम्ही सांगा, मग मी सही करते. नाहीतर बसा नाटकी म्हणवून घेत."

तिने फोन केला. अर्ध्या तासात अप्पा आले. टोपी हातात, दारातच उभे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ह्या खोलीत बसायचं त्यांना सुचलं नाही.

सरांनी घसा साफ केला. "बिरनाळे, तुमच्या मुलीच्या ऑपरेशनच्या दिवशी भूल पूर्ण चढली नव्हती. तिला खरंच लागत होतं. ती नाटक करत नव्हती. चूक माझी होती."

रेवा अप्पांच्या तोंडाकडे बघत होती. ह्या क्षणासाठी तिने हे सगळं केलं होतं. आता त्यांचा चेहरा पडेल, आता ते म्हणतील, पोरी, चुकलो गं.

अप्पा टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "ठावं हाय मला, साहेब."

"काय ठाऊक आहे?" रेवाने विचारलं.

"त्या दिवशी मी लिफ्ट घिऊन चवथ्या मजल्यावरच हुतो की. दार उघडं ठिवून. तुझा आवाज येत हुता. लागतंय, लागतंय म्हणत हुतीस." अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मला काय सुचंना. आत जाऊन साहेबांना थांबा म्हणायची माझी काय टाप? मी दार लावलं आन् लिफ्ट खाली न्हेली. रिकामीच. तळमजल्यावर थांबलो. तिथं ऐकू येत न्हवतं."

रेवाच्या डोक्यात आग उठली होती. "ठाऊक होतं? मग मला नाटकी का म्हणालात? वीस वर्षं, अप्पा! मी मरायला टेकले होते तेव्हासुद्धा?"

"साहेब म्हणाले नाटकी, ते मी धरून ठिवलं," अप्पा म्हणाले. "तसं म्हटलं की मला झोप लागायची गं."

तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. ऐकून दार लावलंत, असं ओरडावंसं वाटलं. ती तोंड उघडणार तोच तिचा हात सवयीने खिशात गेला आणि चिमट्याला लागला. गार. सोमवारी लागला होता तसाच. तिने तोंड मिटलं.

मग ती टेबलापाशी गेली आणि साक्षीचा कागद ओढून लिहू लागली. सर उतावीळ होऊन बघत होते. तिने लिहिलं: पेशंटला लागत होतं. पेशंटने चार वेळा सांगितलं. पट्टा लावतानाच मला नसेचा दुसरा फाटा दिसला होता. चिमटा माझ्या खिशात होता. मी तो घेतला नाही, कारण पेशंटला लागावं अशी माझी इच्छा होती. चिमट्याची रीत पुन्हा सुरू करावी. खाली पूर्ण नाव आणि सही.

सरांनी वाचलं. रंग उडाला, मग चढला. "म्हणजे तुला माहीत होतं? तू... तुझी नोकरी जाईल हे कळतंय का तुला?"

"कळतंय, सर. पण तुम्हाला लागलं होतं, एवढं नक्की झालं. तुमचं काम झालं." ती वळली. "चला, अप्पा."

अप्पा सवयीने लिफ्टकडे निघाले. रेवाने त्यांच्या कोपराला धरून वळवलं. "लिफ्ट नको. जिन्याने."

चार मजले. ती पुढे, ते मागे. ती भराभर उतरत होती आणि मागे वळून बघत नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अप्पांनी कठड्याला धरलं.

"रेवा," ते मागून म्हणाले, "गुडघा दुखतोय गं."

ती आणखी दोन पायऱ्या उतरली. मग थांबली, मागे वर चढून आली आणि म्हणाली, "बसा इथं. कुठं दुखतंय, दाखवा."